जलविद्युत दरवर्षी नव्याने मिळते, तर महाराष्ट्र अजून कोळशावर का चालतो?

कोयनेसारखा प्रकल्प हाताशी असताना राज्य कोळसा का जाळते आणि घराच्या छतावर सौर पॅनेल बसवावे का, असे आपण विचारले आहे. माझी नोकरी कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील भूमिगत वीजगृहात ऑपरेटर म्हणून झाली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबणार आहे.

पाऊस दरवर्षी पडतो, पण कोयनेचे पाणी मोजून वापरावे लागते. कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली असून तिचा हिशेब १ जून ते ३१ मे असा चालतो. प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वीज तयार करणारे सगळे संच अखंड पूर्ण भारावर चालवले, तर हा कोटा दोन महिन्यांच्या आसपास संपेल. म्हणून कोयना प्रामुख्याने मागणी शिगेला पोहोचते तेव्हाच चालवायची असते, आणि हेच लोकांना समजत नाही.

माझे साडू परळीच्या औष्णिक केंद्रात होते. एका उन्हाळ्यात माझ्या संध्याकाळच्या पाळीत राज्यातला कोळशावरचा एक मोठा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, विजेची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ५० हर्ट्झखाली घसरू लागली आणि राज्यातल्या विजेची मागणी व पुरवठा जुळवणाऱ्या कळव्याच्या भारप्रेषण केंद्रातून फोन आला. आम्ही थांबलेला संच सुरू केला, पाण्याच्या झोताने फिरणाऱ्या पेल्टन चाकावरची नोझल उघडली आणि काही मिनिटांत तो ग्रिडला जोडून पूर्ण भारावर नेला. थंड पडलेल्या औष्णिक संचाला तेल जाळून बॉयलर तापवण्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्यात कित्येक तास जातात. हा प्रसंग मी पुढच्या लग्नात अभिमानाने सांगितला, तेव्हा भर पंगतीत साडू म्हणाले, "तुमची वीज म्हणजे पाहुणा, तासभर येऊन मान घेऊन जातो, घर आम्ही चालवतो."

त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. रात्रंदिवस लागणारा भार आजही मुख्यतः कोळसाच उचलतो, आणि तो उद्या बंद करा म्हणणाऱ्यांनी रात्री दोन वाजता पंखा कशावर फिरणार, ते आधी सांगावे. परंतु कोळसा भरवशाचा आणि पाणी बेभरवशाचे, हा साडूंचा सिद्धान्त २०१५ च्या दुष्काळात परळीतच कोसळला. वाफ आणि शीतकरण या दोन्हींसाठी पाणी लागते, आणि ते नसल्यामुळे केंद्र बंद ठेवावे लागले. जमिनीतून काढलेला कोळसा परत भरून येत नाही, हे तर वेगळेच.

धरणाची वीज स्वच्छ असली तरी ती फुकट मिळालेली नाही, हेही नोंदवले पाहिजे. शिवसागर जलाशयाखाली गावे गेली आणि त्यांतील अनेकांचे पुनर्वसन पिढ्यान्‌पिढ्या रखडले.

सौर पॅनेलबद्दल थोडक्यात सांगतो: छतावर सावली पडत नसेल, तर बसवावे. मात्र सूर्य मावळल्यावरची मागणी त्याने भागणार नाही. दिवसा सौर वीज वापरून धरणातले पाणी राखावे आणि संध्याकाळी सोडावे, किंवा २५० मेगावॅटच्या घाटघर प्रकल्पाप्रमाणे स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर उपसून ठेवावे. साडूंनी ज्याला पाहुणा म्हटले, त्याची गरज सौर वीज वाढेल तशी वाढतच जाणार आहे, आणि हे त्यांनी अजून मान्य केलेले नाही.