रोमन चांदीच्या नाण्यांवर वासरू, पाऊल, टोपी असली चित्रं का असायची?

देवदेवता समजू शकतो, पण वासरू, पाऊल आणि टोपी कशाला, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या दोन्हींचं उत्तर आडनावांत आहे.

रोमचं चांदीचं नाणं म्हणजे देनारियस. संस्कृतातला 'दीनार' त्यावरूनच आला. इ.स.पू. 211 च्या सुमारास ते सुरू झालं. पुढे वजन चारेक ग्रॅमवर आलं, म्हणजे जवळपास आपल्या रुपयाएवढं. आधी एका बाजूला शिरस्त्राणातली रोमा देवी आणि दुसरीकडे घोड्यांवरचे जुळे देव असत. पण टांकसाळीवर दरवर्षी तीन अधिकारी नेमत, बहुतेक राजकारणात पुढे यायला निघालेले तरुण. ठसे हाती आल्यावर ते घराणं मिरवणारच! पोम्पोनियस मूसाने आडनावाला जागून कलांच्या नऊच्या नऊ म्यूझ देवी काढल्या. टांकसाळीबाहेरचे अधिकारीही मागे नव्हते. क्रासिपेस म्हणजे जाडपाया; त्याने देवीच्या डोक्यामागे पाऊल कोरलं. वितुलुस म्हणजे वासरू, म्हणून त्याचं वासरू. आपल्या वाघमाऱ्यांनी रुपयावर वाघ छापावा, तसंच.

टोपी मात्र थट्टेची नाही. मुक्त झालेला गुलाम नमद्याची टोपी घाली. इ.स.पू. 54 मध्ये टांकसाळीवर असलेल्या ब्रूटसने एका बाजूला स्वातंत्र्यदेवी आणि दुसऱ्या बाजूला राजाला हाकलून देणारा आपला पूर्वज काढला होता. दहा वर्षांनी सीझरने हयात असताना स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला, आणि त्याच वर्षी त्याचा खून झाला. खुन्यांत ब्रूटसही होता. त्यानंतरच्या त्याच्या नाण्यावर दोन खंजीर, मध्ये ती टोपी, खाली खुनाची तारीख. उलट बाजूला कोण? खुद्द ब्रूटस! सीझरचं हेच तर खटकलं होतं ना.

माझ्याकडे एकच देनारियस आहे, सीझरचा सेनापती अँटनी याने इ.स.पू. 32-31 मध्ये सैन्याच्या पगारासाठी पाडलेलं. एका बाजूला वल्ह्यांचं जहाज, दुसरीकडे गरुडध्वज. पलटणीचा आकडा पार पुसलाय. त्यात चांदी कमी होती. लोक चांगली नाणी पुरून ठेवत आणि हेच पुढे ढकलत, म्हणून ही नाणी शे-दोनशे वर्षं हातोहात फिरली.