प्रोग्राम जिथे अडतो, तिथेच थांबवून चूक शोधता येते का?

फाईल मोठी असल्यामुळे आपला पायथनमधील प्रोग्राम बराच वेळ चालून मध्येच एरर देतो आणि दर वेळी नवे प्रिंट घालून तो पहिल्यापासून चालवावा लागतो, असे आपण लिहिले आहे. यावरचा उपाय पायथनसोबतच येतो. पीडीबी हा पायथनचा डिबगर, म्हणजे चुका शोधण्याचे साधन. प्रोग्राम 'पायथन -एम पीडीबी' (python -m pdb आणि पुढे फाईलचे नाव) असा सुरू करून 'सी' (c, म्हणजे पुढे चाल) ही आज्ञा द्यावी; कुठेही न पकडलेले एक्सेप्शन, म्हणजे चालताना उद्भवलेली चूक, आले की डिबगर उघडतो आणि त्या क्षणी कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय होते, हे विचारता येते.

मी ऐरोलीत काम करतो आणि तुर्भ्याच्या गोदामांतील मालाच्या नोंदी वाचणारे प्रोग्राम सांभाळतो. त्यांपैकी एकात रकमेचे फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) रूपांतर करणाऱ्या ओळीवर व्हॅल्यूएरर, म्हणजे किंमत अयोग्य असल्याची चूक, आला. डिबगरला 'डब्ल्यू' (w) ही आज्ञा दिल्यावर कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले ती साखळी दिसली. 'यू' (u) देऊन एक पायरी वर, फाईल वाचणाऱ्या फंक्शनमध्ये गेलो आणि 'पी' (p) देऊन ती नोंद पाहिली, तर रकमेच्या रकान्यात '१,२०,०००' असे स्वल्पविरामांसह लिहिलेले होते. फ्लोटला स्वल्पविराम चालत नाहीत. ते काढून टाकणारा कोड तिथेच चालवून खात्री केली आणि मगच प्रोग्राममध्ये बदल केला.

मात्र चूक पकडण्यासाठी एक्सेप्ट (except) लिहून आत नुसते 'पास' (pass, म्हणजे काहीच करू नको) ठेवले असेल, तर डिबगरला काही कळतच नाही. ही सवय मला फार घातक वाटते, कारण प्रोग्राम पूर्ण झाल्यासारखा दिसतो आणि नोंदी मात्र गळालेल्या असतात.

पीडीबीची एक मर्यादाही सांगायला हवी. एक्सेप्शन येऊन गेल्यावर आपण केवळ तपासणी करू शकतो; दुरुस्ती करून तिथूनच पुढे जाता येत नाही. कॉमन लिस्प या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत ते जमते, कारण तिथे चूक हाताळणारा कोड फंक्शनांची साखळी उलगडण्याआधी चालतो आणि 'रीस्टार्ट', म्हणजे पुढे जाण्याचे ठरवून ठेवलेले पर्याय, यांपैकी एखादा निवडून, उदाहरणार्थ नवी किंमत देऊन, काम पुढे नेता येते. त्या रचनेचा अभ्यास आपण अवश्य करावा.

पायथनमध्ये चुकीच्या आधीच थांबायचे असेल, तर ३.७ आवृत्तीपासून आलेले 'ब्रेकपॉइंट' (breakpoint()) हे तिथे थांबून डिबगर उघडणारे फंक्शन संशयित ओळीच्या अगोदर घालावे. सर्व्हरवर ते चुकून राहिले, तर डिबगरला कोणीतरी आज्ञा देईल याची वाट पाहत प्रोग्राम खोळंबू शकतो. त्यासाठी तिथे 'पायथनब्रेकपॉइंट' (PYTHONBREAKPOINT) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रामबाहेर सिस्टिममध्ये ठरवलेल्या सेटिंगची, किंमत ० ठेवावी, म्हणजे ब्रेकपॉइंट दुर्लक्षिला जातो.