बाप्टिस्ट शेजारीण वारल्या, स्मरणसभेत काय बोलू?

तुम्ही विचारलंय की शेजारच्या बाप्टिस्ट आजी गेल्या, त्यांच्या मुलीने स्मरणसभेत पाच मिनिटं बोलायला सांगितलंय, आणि तुम्ही हिंदू, त्यामुळे काय बोलावं नि काय टाळावं ते कळत नाहीये. मी तीन वर्षांपूर्वी नेमकं हेच केलंय आणि सुरुवातीलाच चांगली आपटले होते, म्हणून लिहितेय.

आम्ही खडकीचे. बैठी चाळ, सहा घरांत एक नळ, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून मावशी. सगळ्या चाळीच्या मावशी, माझ्या आईच्याही आणि माझ्या मुलाच्याही, नात्याचा हिशोब कोणी केला नाही. त्यांच्या सभेसाठी मी रात्री जागून दोन पानं लिहून काढली. प्रेमळ, कष्टाळू, श्रद्धाळू, सदैव हसतमुख असे सगळे शब्द त्यात होते. माईकपाशी गेले आणि पहिलंच वाक्य काय, तर "कैलासवासी मावशींना विनम्र अभिवादन". पुढच्या बाकावरचे एक आजोबा खोकले, मागे पोरींमध्ये खुसखुस झाली, पाळकसाहेब खाली बघून हसले. मला कळेचना काय झालं. अहो, कैलास! चर्चमध्ये उभं राहून मी त्यांना शंकराच्या घरी पाठवून दिलं होतं. ख्रिश्चन लोक ख्रिस्तवासी म्हणतात, तेव्हा फ्लेक्सवर किंवा कागदावर कै. लिहू नका, ही पहिली गोष्ट.

दुसरी, "आत्म्याला शांती लाभो" हे शक्यतो नकोच. कोणी रागावणार नाही, पण त्यांच्या विश्वासाप्रमाणे त्या आता प्रभूजवळ पोचल्यात, म्हणजे शांती मिळालेलीच आहे, वर आपण ती मागायची गरज उरत नाही. मागायचंच तर घरच्यांसाठी सांत्वन मागा. फोटोला हार काही घरात चालतो, काहींत नाही, मुलीलाच विचारून घ्या. उदबत्ती, दिवा नेऊ नका. पांढरी फुलं न्या, मोबाईल सायलेंटवर टाका, प्रार्थनेला सगळे उभे राहिले की उभं राहा, बस.

आता काय बोलायचं. माझी दोन पानं तिथेच घामाने ओली झाली आणि मी ती घडी करून पर्समध्ये टाकली. म्हटलं जाऊ दे, मोदकाचं सांगते.

मावशी गणपतीचा प्रसाद घ्यायच्या नाहीत. मूर्तीपुढे ठेवलेलं खायचं नाही हा त्यांचा नियम, आणि आमची आजी त्यावरून धुमसायची, की आमचा देव हिला विटाळतो का म्हणून. पण मोदक तर मावशींना जीव की प्राण. मग आईने काय केलं, तर उकड काढली की नैवेद्याचे एकवीस बाजूला आणि त्याच्याही आधी पहिल्या घाण्यातले पाच डब्यात भरून भिंतीपलीकडे. देवाच्या आधी मावशींना! हे आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. मावशी त्या डब्याचं झाकण उघडून आधी डोळे मिटून प्रार्थना करायच्या आणि मग पाचही मोदक उभ्या उभ्या, वर तूप ओढून. नाताळात तोच डबा करंज्या आणि शंकरपाळ्यांनी भरून परत यायचा, रिकामा कधीच नाही.

हे सांगितलं आणि अख्खं चर्च हसलं. त्यांच्या मुलीने मला नंतर सांगितलं की तिला हे माहीतच नव्हतं, मम्मी दरवर्षी म्हणायची मला भूक नाही.

म्हणजे तुम्ही पण असलंच काहीतरी शोधा. श्रद्धाळू होत्या हे तिथल्या प्रत्येकाला तुमच्यापेक्षा जास्त माहितीये, पाळक ते सांगणारच आहेत. तुमच्याकडे भिंतीच्या अलीकडचं आहे, ते त्यांच्याकडे नाही.

थोडं त्यांच्या पंथाबद्दल माहिती असलेलं बरं, म्हणजे तिथे बसल्यावर गोंधळ होत नाही. मी तरी मावशींकडूनच शिकले. त्या मूळच्या नगरकडच्या, तिकडे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासूनचं, त्यामुळे तान्ह्या असतानाच डोक्यावर पाणी शिंपडून त्यांचा बाप्तिस्मा झालेला. लग्न होऊन आल्या त्या खडकीतल्या तेलुगू बाप्टिस्ट घरात, आजेसासरे आंध्रातल्या ओंगोलकडून इथल्या ॲम्युनिशन फॅक्टरीत कामाला आलेले. आणि बाप्टिस्टांमध्ये तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा नाहीच, माणसाने स्वतः समजून-उमजून कबुली द्यायची आणि मग पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा, म्हणून बाविसाव्या वर्षी मावशी परत टाक्यात उतरल्या. त्यांचे वडील आले नाहीत, म्हणाले आमचं पाणी काय कमी पडलं का. दोन वर्षं बोलणं बंद होतं. मावशी हे सांगताना स्वतःच हसत सुटायच्या, "मी दोनदा धुतलेली गं, तरी डाग राहिलेच."

हसायच्या कशा ते लिहून सांगता येत नाही, आधी खांदे हलायचे आणि आवाज नंतर यायचा.

एकदा आजी नळावर बोलून गेली, "तांदळासाठी बाटलेत सगळे." मी आठ-नऊ वर्षांची असेन, मला वाटलं आता भांडण. मावशींनी हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि सासूकडून ऐकलेली ओंगोलची गोष्ट सांगायला बसल्या. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, तिथला मिशनरी क्लॉ याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचं कंत्राट घेऊन लोकांना काम दिलं, पण दुष्काळ चालू असेपर्यंत बाप्तिस्मा द्यायला नाही म्हणाला, पोटासाठी आले असं कोणी म्हणू नये म्हणून. धान्यवाटप संपल्यावर मग ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २२२२ माणसांचा बाप्तिस्मा झाला. "तांदूळ संपल्यावर आलेत हो आमचे," असं म्हणून हंडा उचलून गेल्या. आजी त्यावर काही बोलली नाही, पण त्या नाताळला करंजी मात्र तिने सगळ्यांच्या आधी उचलली.

मला मराठीत कमी मार्क पडले की वेगळंच. विल्यम केरी हा बाप्टिस्ट मिशनरी, आधी इंग्लंडात जोडे शिवणारा, त्याने बंगालमध्ये सेरामपूरला बसून १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. तर मावशींचं ठरलेलं, "तो चांभार बंगालमध्ये बसून मराठी शिकला आणि तुला खडकीत बसून येईना?"

आता नुसतं गोड गोड नको म्हणून हेही सांगते, मावशी त्रासदायक पण होत्या. रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, गॅसवाल्याला, सगळ्यांच्या हातात वचनाची पत्रकं कोंबायच्या. लोकलमध्ये शिवाजीनगर येईपर्यंत शेजारणीची अख्खी कौटुंबिक माहिती काढून तिच्यासाठी मोठ्याने प्रार्थना सुरू. गळा बेसूर, आणि उपासनेत बसायच्या बरोब्बर पेटीवाल्याच्या मागे, तो बिचारा कंटाळून सूर चढवायचा तर ह्या त्याच्याही वर. रविवारी सकाळी काहीही झालं तरी चर्च, माझ्या लग्नाचा मुहूर्त रविवारचा निघाला तर जेवायला आल्या, अक्षतांना नाही. मला ते बरीच वर्षं लागलं होतं.

आणि सदैव हसतमुख तर नव्हत्याच, तो माझ्या दोन पानांतला सगळ्यात खोटा शब्द. काका गेले तेव्हा मावशी अडतिसाच्या, पदरात दोन मुलं, दवाखान्यात नर्सची नाईट. दफन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे त्या बादली घेऊन नळावर आल्या, आईला काय बोलावं सुचेना, तर म्हणाल्या "पाणी जाईल, भरून घे आधी." मग बादली भरून वाहायला लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही, तशाच उभ्या. आईने बंद केला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं नाही. मग एका संध्याकाळी भाकऱ्या थापताना परत सुरू झालं, बेसूरच, आणि माझी आजी, हो तीच, म्हणाली, "लागली बाई गायला."

मोठी झाल्यावर मी एकदा विचारलं होतं की एवढा आनंद येतो कुठून. म्हणाल्या, बायबलमध्ये पौलाने फिलिप्पैकरांना पत्रात आनंद करा आनंद करा लिहिलं ना, ते तुरुंगात बसून लिहिलंय, मला तर निदान नाईटला चहा मिळायचा.

शेवटच्या आजारपणात आई भेटायला गेली तर मावशी तिला सांगतात, "माझ्या वेळी दोन्ही पेट्या नीट बघा गं. एक वाजणारी, एक न वाजणारी." खांदे हलायला लागले, मग खोकला आला, नर्स धावत आली आणि आईलाच बाहेर काढलं. हे मी सभेत सांगू की नको असं झालं होतं, कारण समोर मुलगी बसलेली. पण सांगितलं. पेटीवाला ऐकून रडला, बाकीचे हसले, आणि मग त्याने मुद्दाम वरचा सूर लावला, मावशींचा.

तुमच्या आजींची अशी एखादी गोष्ट आठवत नसेल तर घरात विचारा, आईला किंवा कामवाल्या ताईंना, त्यांना नक्की असते. लिहून नेलंत तरी वाचू नका. आणि पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं ठेवा, कारण तुमच्यानंतर पाळकांचा संदेश असतो आणि तो पाच मिनिटांचा नसतो.