करार संपायला किती वर्षे उरली?

फुटबॉलपटूंच्या क्लबबदलाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. चौथे पत्र एका आईचे आहे आणि त्यातला प्रश्न तातडीचा आहे, म्हणून त्याला जागा थोडी जास्त दिली आहे.

प्रश्न : अलेक्झांडर इसाकचा न्यूकॅसलशी २०२८ पर्यंत करार होता. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात तो क्लबसाठी मैदानात उतरला नाही आणि अखेरीस लिव्हरपूलला गेला. आमच्याकडे एखाद्याने आपल्या तालमीचा फुटबॉल संघ सोडून दुसऱ्या तालमीची जर्सी घातली तर पेठेत वर्षभर बोलणी होतात, पण तिथे तर सगळे लेखी असते. मग करार म्हणजे नुसता कागदच का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : करार हा नुसता कागद नाही, पण तो काय देतो आणि काय देत नाही हे आधी पाहायला हवे. करार चालू असेपर्यंत खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात असते, त्यामुळे क्लबच्या संमतीशिवाय दुसरा कोणताही क्लब त्याला खेळवू शकत नाही. मात्र मनातून उठलेल्या माणसाकडून गोल करून घेण्याची सोय कोणत्याही करारात नसते. इंग्लंडमध्ये शिस्तभंगासाठी दंड करायचा तर तो सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांच्या पगारापुरताच करता येतो, आणि इतक्या मोठ्या खेळाडूला त्याची झळ फारशी लागत नाही.

इसाकच्या बाबतीत न्यूकॅसलने आधी ठाम नकार दिला. ऑगस्टच्या सुरुवातीला लिव्हरपूलचा ११ कोटी पौंडांचा देकार परत पाठवला गेला. इसाकने जाहीरपणे सांगितले की आपल्याला दिलेली आश्वासने मोडली गेली आहेत. क्लबने उत्तर दिले की तसे कोणतेही वचन कोणी दिलेले नव्हते. सारा ऑगस्ट असा गेला. मग न्यूकॅसलने स्टुटगार्टकडून निक व्होल्टेमाडेला आणले आणि १ सप्टेंबरला, बदल्यांची ठरलेली मुदत (‘खिडकी’) संपण्याच्या दिवशी, साडेबारा कोटी पौंडांना, म्हणजे ब्रिटनमधल्या विक्रमी किमतीला, इसाकला सोडले. आदल्या मोसमात लीगमध्ये २३ गोल करणाऱ्या खेळाडूच्या जागी दुसरा मिळेपर्यंत क्लबचा हात दगडाखाली होता, आणि तो हात निघाल्यावरच सौदा झाला, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

यासोबत हॅरी केनचे उदाहरण ठेवून पाहा. २०१८ मध्ये त्याने टॉटनहॅमशी सहा वर्षांचा करार केला. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याला मँचेस्टर सिटीकडे जायचे होते, सरावालाही तो उशिरा आला, पण अध्यक्ष डॅनियल लेव्ही हलले नाहीत आणि ऑगस्टच्या शेवटी केनने आपण राहत असल्याचे जाहीर केले. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, त्याच लेव्हींनी त्याच केनला सुमारे १० कोटी युरोंना बायर्न म्युनिककडे जाऊ दिले. खेळाडू तोच, अध्यक्ष तोच, करारही तोच. बदलले होते ते एवढेच, की पहिल्या वेळी करारातली तीन वर्षे शिल्लक होती आणि दुसऱ्या वेळी एकच. ते एक वर्ष सरले असते तर टॉटनहॅमच्या हाती एक पैसाही आला नसता.

माझ्या मते बदलीच्या वाटाघाटीत कोणाचे पारडे जड आहे हे जाणून घ्यायचे तर पहिला प्रश्न हाच विचारावा : करार संपायला किती वर्षे उरली? इसाककडेही तीन वर्षे होती, तरी तो गेला, कारण समोरचा क्लब विक्रमी रक्कम मोजायला तयार होता आणि खेळाडू महिनाभर घरी बसायला. केनच्या वेळी सिटीने लेव्हींना हवी ती रक्कम पुढे केली नाही. म्हणजे घड्याळाखेरीज गिऱ्हाइकाची थैली आणि खेळाडूची ताणण्याची तयारीही मोजावी लागते. मात्र न खेळता बसून राहणे हे हत्यार फार थोड्यांनाच परवडते. सामान्य खेळाडूने ते उपसले तर क्लब त्याच्या जागी दुसरा घेतो आणि पुढच्या हंगामात त्याचे नावही कोणाला आठवत नाही.

प्रश्न : प्रत्येक लेखात ‘बोस्मान निकाला’चा उल्लेख येतो. हा बोस्मान कोण आणि त्याच्यामुळे नेमके काय बदलले? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : बदल समजण्यासाठी आधीची स्थिती पाहू. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ असा नियम होता की करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी आपल्याकडे अडवून ठेवू शकतो. पगार नाही, पण सुटकाही नाही. १९६० मध्ये न्यूकॅसलच्याच (हा योगायोग मला विसरता येत नाही) जॉर्ज ईस्टहॅमने नवा करार करायला नकार दिला, काही महिने फुटबॉल सोडून कॉर्क विकण्याची नोकरी केली आणि मग ४७,५०० पौंडांना आर्सेनलला गेला. स्वतःची सुटका झाल्यावरही खेळाडूंच्या संघटनेच्या पाठबळावर त्याने खटला चालवला, आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही अडवणूक व्यवसायस्वातंत्र्यावरचे गैरवाजवी बंधन असल्याचा निर्णय दिला. तोपर्यंत कमाल वेतनाची, आठवड्याला २० पौंडांची, मर्यादाही १९६१ मध्ये उठली होती.

युरोपात मात्र करार संपल्यानंतरही नव्या क्लबकडून मोबदला मागण्याची पद्धत चालूच राहिली. ज्याँ-मार्क बोस्मान हा बेल्जियममधल्या लीज शहराच्या क्लबचा खेळाडू. ३० जून १९९० रोजी त्याचा करार संपत होता. तोवर त्याला बोनससह महिन्याला सरासरी १ लाख २० हजार बेल्जियन फ्रँक मिळत. नव्या कराराचा जो मसुदा क्लबने पुढे केला, त्यात आकडा होता ३० हजार, म्हणजे तिथल्या महासंघाच्या नियमांनुसार देता येईल तेवढी किमान रक्कम. त्याने सही केली नाही, तेव्हा क्लबने त्याला बदलीच्या यादीत टाकले आणि त्याची किंमत लावली १ कोटी १७ लाख ४३ हजार फ्रँक. पगार देताना जो चौथाईच्या लायकीचा होता, तोच विकताना एवढा मौल्यवान ठरला.

फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतला डंकर्क हा क्लब त्याला एका वर्षासाठी १२ लाख फ्रँकला घ्यायला तयार झाला. अट एकच होती : बेल्जियमच्या महासंघाचे बदलीचे प्रमाणपत्र २ ऑगस्टपर्यंत फ्रान्सला पोहोचायला हवे. डंकर्क पैसे देऊ शकेल की नाही याची लीजला शंका वाटली आणि त्यांनी ते प्रमाणपत्र महासंघाकडून मागवलेच नाही. सौदा बारगळला. ३१ जुलैला क्लबने बोस्मानला निलंबितही केले, म्हणजे तो हंगामही गेला. पंचविशीतला माणूस, कसलाही गुन्हा नाही, करारभंग नाही, आणि एका न पाठवलेल्या कागदामुळे घरी बसलेला. हा तपशील मी मुद्दाम देतो, कारण क्लबची ताकद म्हणजे काय ते यात उघडे दिसते : तिथे नुसते काही न करणेही पुरेसे होते.

१५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूसाठी मोबदला मागणे हे युरोपीय संघातील कामगारांच्या मुक्त संचाराच्या तत्त्वाविरुद्ध आहे. संघातील देशांच्या खेळाडूंवरची परदेशी संख्येची मर्यादाही त्याच निकालाने गेली. बोस्मानच्या हाती यातून फारसे काही लागले नाही. तोवर त्याची उमेदीची वर्षे कोर्टाच्या पायऱ्यांवर संपली होती. फळ मिळाले ते पुढच्यांना. १९९९ मध्ये स्टीव्ह मॅकमॅनमन लिव्हरपूलहून रिअल माद्रिदला विनामोबदला गेला आणि जे पैसे क्लबला मिळाले असते त्यातला मोठा वाटा पगाराच्या रूपाने त्याच्याकडे आला. महिलांच्या खेळातही तेच दिसते. जानेवारी २०२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडने अलेसिया रुसोसाठी आर्सेनलने देऊ केलेली विक्रमी रक्कम नाकारली आणि उन्हाळ्यात करार संपताच ती आर्सेनलमध्येच विनामोबदला दाखल झाली. आजच्या फिफा नियमांनुसार तर शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी आधीच करार करून ठेवू शकतो.

क्लबांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे लांब करार, आणि दोन वर्षे उरली की ‘सही कर नाहीतर विकतो’ हा तगादा. किलियन एम्बाप्पेने जून २०२३ मध्ये पॅरिस सां-जर्मेंला कळवले की २०२४ नंतर करार वाढवणार नाही, तेव्हा क्लबने त्याला आशियाच्या दौऱ्यातून वगळले. सौदीच्या अल हिलालने तब्बल ३० कोटी युरो देऊ केले, क्लबने बोलणी करायला परवानगीही दिली, पण एम्बाप्पे त्यांना भेटलाच नाही. क्लबने किंमत मान्य केली तरी खेळाडूच्या होकाराशिवाय बदली होत नाही, हे त्याने दाखवून दिले. पुढच्या उन्हाळ्यात तो रिअल माद्रिदला विनामोबदला गेला आणि थकलेल्या साडेपाच कोटी युरोंवरून क्लबशी त्याचा वाद सुरू झाला.

तरीही बोस्मानने सगळ्यांना सारखे बळ दिले असे मी मानत नाही. ज्याच्यासाठी चार क्लब रांगेत उभे आहेत त्याला करार संपणे म्हणजे मोकळीक. खालच्या श्रेणीतल्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या तिशीच्या बचावपटूला तीच तारीख बेकारीची असते. क्लबशी समोरासमोर बसणारे ते आठ-दहा चेहरे आपल्याला दिसतात, पण खेळाडूंची बहुसंख्या त्यांच्या मागे उभी आहे.

प्रश्न : स्पेनमध्ये प्रत्येक खेळाडूच्या करारात रिलीज क्लॉज असतो म्हणतात. तो खेळाडूच्या बाजूचा की क्लबच्या? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : रिलीज क्लॉज म्हणजे ठरलेली रक्कम भरली की खेळाडूला सोडावेच लागते असे कलम. ते कोणाच्या बाजूचे, हे आकड्यावर अवलंबून आहे. स्पेनच्या १९८५ च्या एका शासकीय आदेशाने व्यावसायिक खेळाडूला भरपाई देऊन करार मोडण्याचा हक्क दिला, आणि ती भरपाई आधीच ठरवून ठेवण्याची प्रथा तिथे रुळली. क्लब आकडा इतका चढा ठेवतात की कोणी तिकडे फिरकू नये. नेमारच्या करारात तो २२ कोटी २० लाख युरो होता आणि बार्सेलोनाला तो सुरक्षित वाटत होता. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिसने तेवढे पैसे उभे केले आणि बार्सेलोनाला ‘नाही’ म्हणायला जागाच उरली नाही. इंग्लंडमध्ये असा क्लॉज सक्तीचा नाही. केनच्या करारात तो असता तर २०२१ चे नाट्य घडलेच नसते.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. एका अकादमीने त्याच्यापुढे पाच वर्षांचा करार ठेवला आहे. त्यात आणखी दोन वर्षे वाढवण्याचा अधिकार फक्त त्यांना आहे. ‘आत्ता सही केली नाही तर जागा दुसऱ्याला जाईल आणि एनओसीही मिळणार नाही’ असे आम्हाला सांगितले गेले. काय करावे? (एक पालक, मडगाव)

उत्तर : ताई, या आठवड्यात सही करू नका. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही आणि त्यापलीकडच्या मुदतीचे कलम ग्राह्य धरले जात नाही. पाच वर्षे ही प्रौढ खेळाडूंसाठीची सर्वसाधारण कमाल मर्यादा आहे. ज्यांनी हा मसुदा केला त्यांना हे ठाऊक नसेल तर ते चिंताजनक आहे, आणि ठाऊक असूनही केला असेल तर अधिकच. त्यामुळे तीन वर्षांचाच मसुदा लेखी मागा.

दोन वर्षे वाढवण्याच्या कलमातला ‘क्लबच्या इच्छेनुसार’ हा शब्दप्रयोग ‘दोघांच्या लेखी संमतीने’ असा बदलून घ्या. एकतर्फी मुदतवाढ म्हणजे मुलगा चांगला खेळला तर स्वस्तात अडकणार आणि खेळला नाही तर मोकळा सुटणार, म्हणजे दोन्हीकडून फायदा त्यांचाच. एनओसीच्या धमकीला घाबरू नका. कराराची मुदत संपलेल्या खेळाडूला अडवून ठेवता येत नाही. प्रशिक्षणाची भरपाई देय असलीच तर तो हिशेब जुन्या आणि नव्या क्लबमधला असतो, पालकांनी ती रक्कम भरायची नसते.

मात्र सही केल्यानंतर ती मोडणे किती अवघड असते, तेही मुलाला समजावून सांगा. २०२४ मध्ये बचावपटू अन्वर अली दिल्ली एफसीकडून मोहन बागानकडे दीर्घ मुदतीच्या लोनवर (म्हणजे मूळ क्लबने उसना दिलेला) होता. तो करार सोडून तो ईस्ट बंगालकडे गेला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने करार कारणाविना मोडल्याचे ठरवून त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि त्याच्यासह दोन्ही क्लबांनी मिळून मोहन बागानला १२ कोटी ९० लाख रुपये द्यावेत असा आदेश काढला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे दिलासा मिळाला आणि तो ईस्ट बंगालकडून खेळत राहिला. पण त्याच्यामागे मोठे क्लब आणि त्यांचे वकील होते. आपल्या मुलामागे तूर्त आपण दोघेच आहात.

उलट बाजूही सांगतो. क्लबने दोन महिन्यांचे पगार थकवले तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवण्याचा हक्क फिफाचे नियम खेळाडूला देतात. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचे भवितव्य टांगणीला लागले आणि काही क्लबांनी पगार थांबवले, तेव्हा हा नियम आपल्याकडे किती जवळचा आहे ते सर्वांना कळले. म्हणून पगार रोखीत घेऊ नका, बँकेतच येऊ द्या. तारीख आणि रक्कम दिसली पाहिजे.

कोणी एजंट म्हणून पुढे आला असेल तर त्याचा फिफा परवाना पाहा आणि त्याच्याशीही दोन वर्षांहून अधिक काळासाठी बांधून घेऊ नका. फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया या खेळाडूंच्या संघटनेकडे मसुदा दाखवता येईल. आणि सही करण्याची वेळ आली तर दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली, प्रत्येक पानावर सही केलेली एक प्रत त्याच बैठकीत हातात घेऊनच उठा. ‘नंतर पाठवतो’ म्हटलेली प्रत वेळेवर न मिळाल्याने वाद लढवता न आलेले पालक मी पाहिले आहेत.