नातू ‘बस’ला ‘बुस’ म्हणतो, बिघडलं का?

एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ‘मुलगी-जावई इंग्लंडमध्ये लीड्सला असतात. नातू सात वर्षांचा. व्हिडिओ कॉलवर तो बसला “बुस” म्हणतो, कपाला “कुप” आणि अंघोळीला “बॅथ”. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, ते “कप” आणि “बाथ” असंच. तिथल्या गावंढळ पोरांची संगत लागली म्हणायची का? शुद्ध उच्चार कोणता?’

सर, संगत लागलीय हे खरं आहे. पण ती अख्ख्या उत्तर इंग्लंडची. आणि नातवाचे तीनही उच्चार तुमच्या-माझ्या उच्चारांपेक्षा जुने आहेत.

आधी ‘बुस’ घेऊ. इंग्लंडच्या नकाशावर पश्चिमेला सेव्हर्न नदीच्या मुखापासून पूर्वेला वॉश नावाच्या खाडीपर्यंत एक तिरकी रेघ ओढा. सीमा काही इतकी सरळसोट नाही, पण कामापुरती चालेल. रेघेच्या वरच्या बाजूला कप, बस, लव्ह, लंच या शब्दांतला स्वर ‘पुट’मधल्या ऱ्हस्व ‘उ’सारखा. जेवण म्हणजे ‘लुंच’, रविवार म्हणजे ‘सुंडे’, आईला ‘मुम’. पैशाला ‘मुनी’ म्हणतात हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आवरणं कठीण झालं होतं. आपल्याकडे मुनी पैशाला शिवत नाहीत.

चारेकशे वर्षांपूर्वी लंडनलाही हाच ‘उ’ होता. सतराव्या शतकात दक्षिणेतल्या लोकांचे ओठ या स्वरासाठी गोल होईनासे झाले आणि ‘कुप’चा हळूहळू ‘कप’ झाला. उत्तरेला ही लाट पोचलीच नाही. दक्षिणेतही ती सगळ्या शब्दांवरून फिरली नाही. ओठांनी उच्चारायच्या प, ब, फ यांच्या शेजारी, आणि त्यात पुढे ‘ल’ असेल तर विशेषच, ओठ आधीपासून गोल राहिले आणि जुना ‘उ’ टिकला. म्हणून पुट, पुल, फुल, बुल, बुश, बुचर. पण नियम अर्धवटच. ‘बट’, ‘फन’, ‘पब’ हेही ओठांनीच सुरू होतात आणि तरी ते बदलले.

आता तुमच्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारलेला प्रश्न आठवा: बी-यू-टी ‘बट’, तर पी-यू-टी ‘पुट’ का? सगळ्या भारतात हा प्रश्न म्हणजे इंग्रजीच्या वेडेपणाचा पुरावा समजला जातो. मी शाळेत विचारला तेव्हा ‘ते तसंच असतं, पाठ कर’ असं उत्तर मिळालं होतं. खरं उत्तर वर दिलं तेच आहे: स्पेलिंग त्या बदलाच्या आधीचं, उच्चार नंतरचा, आणि बदलही अर्ध्यातच थांबलेला.

‘बॅथ’ची गोष्ट याहून मजेची. बाथ, पाथ, ग्रास, लास्ट, डान्स यांतला लांबलचक ‘आ’ हा दक्षिण इंग्लंडचा. तोही मुळात नव्हता. आधी सगळीकडे आखूड स्वरच होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून स, फ, थ यांच्या आधी तो लांबत गेला आणि अठराव्या शतकात लंडनच्या बाजूला पसरून ‘आ’ होऊ लागला. जॉन वॉकर नावाचा एक गृहस्थ, आधी नट आणि मग उच्चार शिकवणारा, त्यानं 1791 साली इंग्रजी उच्चारांचा कोश काढला. पुढे कितीतरी वर्षं लोक तो प्रमाण मानत होते. या लांब ‘आ’बद्दल वॉकरचं मत काय? तो जवळजवळ अडाणीपणाच. म्हणजे ‘बाथ’ म्हणणारा तेव्हा नाक मुरडण्याच्या लायकीचा होता. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत तोच ‘आ’ लंडनच्या बड्या घरांचा, बोर्डिंग शाळांचा, मग रेडिओवरच्या निवेदकांचा झाला, आणि नाक मुरडण्याची दिशा उलटली.

हे आपल्याला परकं वाटू नये. ‘पानी’ म्हणणाऱ्याला आपण हसतो, आणि मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’ आहे.

आता ‘गावंढळ’ या शब्दाबद्दल. तुमचा नातू ज्या शहरात आहे, तिथल्याच विद्यापीठात हॅरल्ड ऑर्टन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्विस अभ्यासक ऑयगेन डीट यांच्याबरोबर इंग्लंडच्या बोलींची पाहणी आखली. 1950 ते 1961 या काळात त्यांची माणसं 313 गावांत फिरली. त्यांना गावंढळच हवे होते: म्हातारे, शक्यतो शेतकरी, जन्मभर गाव न सोडलेले. प्रश्न तेराशेच्या वर, आणि अट अशी की विचारणाऱ्यानं तो शब्द स्वतः उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, वर्णन करायचं, आणि शब्द त्या आजोबांच्याच तोंडून येऊ द्यायचा. नाहीतर माणूस पाहुण्यासारखं बोलतो. आपल्याकडेही खेड्यातले आजोबा पुण्याच्या पाहुण्यासमोर ‘व्हय’चं ‘हो’ करतात, तसंच. त्या नकाशांवर ‘कुप’ आणि ‘बॅथ’ यांचा प्रदेश चांगला ऐसपैस दिसतो. मँचेस्टर, लिव्हरपूल, शेफील्ड, लीड्स ही सगळी शहरं त्यात येतात. एवढ्या लोकांना संगत लागली असेल, तर कोणाची म्हणायची?

मग आपण ‘बाथ’ कुठून शिकलो? ज्यांच्या हाती राज्य होतं, त्यांच्या उच्चारावरून. मला यात सगळ्यात रस वाटतो तो असा, की मराठीनं तो उच्चार लिहून ठेवलाय. इंग्रजी स्पेलिंगवरून ‘गॅस’ आणि ‘ग्लास’ यांत वेगळे स्वर आहेत हे कळायची सोय नाही. दोन्हीकडे एकच ‘ए’. पण आपण गॅस सिलिंडर म्हणतो आणि पाण्याचा ग्लास म्हणतो. मॅथ्सचा पेपर, पण बाथरूम. बॅटरी, पण बसचा पास. क्लास, चान्स, डान्स, ब्रांच, फास्ट लोकल: हे सगळे दक्षिण इंग्लंडच्या उच्चाराचे ठसे आहेत. लीड्समध्ये ‘मॅथ्स’ आणि ‘बॅथ’ यांचं छान यमक जुळतं. डॉक्टर, कॉलेज, ऑफिस यांतला आपला ‘ऑ’ही ब्रिटिश. अमेरिकन माणूस तिथे ओठ गोल करत नाही, ‘डाक्टर’, ‘कालेज’ असंच काहीतरी म्हणतो. (जुन्या मराठी पुस्तकांत ‘डाक्टर’, ‘कालेज’ छापलेलं दिसतं, पण ते अमेरिकेचं ऋण नव्हे. डोक्यावरचा अर्धचंद्र तेव्हा रुळलेला नव्हता.)

सगळंच असं जुळत नाही. लंडनचा साहेब ‘साम्पल’ म्हणतो आणि आपण ‘सँपल’. उलट एक्झाममध्ये तो ‘ॲ’ म्हणतो आणि आपण ‘आ’. टोमॅटो तर आपलाच: ब्रिटिश ‘टोमाटो’, अमेरिकन ‘टोमेटो’, आणि आपण दोघांनाही न विचारता ‘टोमॅटो’. ‘प्लास्टिक’ लिहावं की ‘प्लॅस्टिक’ यावर मात्र भांडू नये. खुद्द ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात.

‘र’चं प्रकरण वेगळं. दक्षिण इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात शब्दाच्या शेवटचा आणि व्यंजनाआधीचा ‘र’ विरून गेला. कार म्हणजे ‘काऽ’, डॉक्टर म्हणजे ‘डॉक्ट’ म्हणून पुढे एक पुसट ‘अ’. आपण तो ‘र’ ठेवला. मुंबईत 1832 साली शाळा सुरू करणारे, ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन स्कॉटिश होते, आणि स्कॉटिश माणूस ‘र’ खणखणीत वाजवतो. तरी हा ‘र’ आपल्याकडे स्कॉटिश मिशनऱ्यांमुळे आला असं मी म्हणणार नाही. स्पेलिंगमधून आला हेच मला पटतं. कारण जो शब्द पुस्तकातून न येता नुसत्या कानावरून आला, त्यातला ‘र’ गेलेला दिसतो. लॉर्डचा ‘लाट’ झाला: लाटसाहेब. डॉक्टरचा ‘र’ डोळ्यांनी आला, लाटाचा ‘र’ कानानं वगळला.

हाच ‘र’ अमेरिकेत काय करतो ते पाहण्यासारखं आहे. बहुतेक अमेरिकेत तो टिकला, पण बॉस्टन, न्यू यॉर्क यांसारख्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांत लंडनसारखाच विरला. तिथल्या प्रतिष्ठित माणसाचं लक्षणच ते होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं. 1962 साली विल्यम लबॉव्ह या अभ्यासकानं न्यू यॉर्कच्या तीन दुकानांत एक साधा खेळ केला. साक्स हे श्रीमंतांचं दुकान, मेसीज मध्यमवर्गाचं, क्लाइन स्वस्ताईचं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी पाहून ठेवायचं, मग विक्रेत्याला ती वस्तू कुठे मिळेल असं विचारायचं. उत्तर ठरलेलं: ‘फोर्थ फ्लोर’. त्यात ‘र’ दोनदा येतो. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं, म्हणजे माणूस जरा सावरून, जपून बोलतो. त्यानं असे 264 विक्रेते गाठले. ‘र’ सर्वात जास्त साक्समध्ये, सर्वात कमी क्लाइनमध्ये, आणि दुसऱ्यांदा सांगताना वाढलेला. म्हणजे न्यू यॉर्कात ‘र’ वाजवला की माणूस वरच्या थरातला, आणि लंडनमध्ये तोच ‘र’ वाजवला की कुठल्यातरी शेतावरून आलेला. एकच व्यंजन, एकच भाषा. शुद्ध कोणतं ते तुम्ही सांगा.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर माझी फजिती सांगतो. न्यू जर्सीतल्या एका खानावळीत मी तीनदा ‘वॉटर’ मागितलं. वाढणारी मुलगी गोड हसून तीनदा ‘सॉरी?’ म्हणाली. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या आपल्याच एका बाईंनी ‘वॉडर’ म्हणून सोडवलं. तिथे दोन स्वरांमधला ‘ट’ म्हणजे जिभेचा टाळूला एक हलका, झटपट स्पर्श. नीट ऐकलं तर तो आपल्या साध्या ‘र’च्या अगदी जवळ जातो. ‘गॉट इट’ हे कधी ‘गारिट’ असं ऐकू येतं ते त्यामुळेच.

बाकी ठिकाणची गंमत धावत सांगतो, कारण ती संपणारी नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मावशी-काकू आणि मुंगी यांचा उच्चार एकच, ‘ॲन्ट’. न्यू इंग्लंडमधले बरेच लोक आणि अनेक कृष्णवर्णीय मात्र ‘आन्ट’ म्हणतात, आपल्या ‘आंटी’सारखं. दक्षिणेकडच्या राज्यांत ‘पिन’ आणि ‘पेन’ एक झालेत, म्हणून तिथे लिहायचं पेन मागताना ‘इंक पेन’ म्हणायची पद्धत आहे. न्यूझीलंडचा माणूस ‘फिश अँड चिप्स’ मागतो ते ऑस्ट्रेलियन कानांना ‘फश अँड चप्स’ वाटतं. स्कोन नावाचा एक पाव-केक असतो, तो ‘स्कॉन’ की ‘स्कोन’ यावर ब्रिटनमध्ये घराघरांत वाद. आणि स्कॉटलंडमधलं त्याच स्पेलिंगचं गाव या दोन्ही पक्षांना न जुमानता ‘स्कून’. औषधी वनस्पतीला अमेरिकन माणूस ‘ह’ गाळून ‘अर्ब’ म्हणतो याला ब्रिटिश हसतात, पण शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा ‘ह’ मुकाच होता. इंग्लंडनं तो एकोणिसाव्या शतकात बोलायला सुरुवात केली.

आपणही या नकाशावरचा एक प्रांतच आहोत. हिंदी भाषक ‘विक्टोरिया’ लिहितो, आपण ‘व्हिक्टोरिया’. हिंदीत ‘वैन’, आपल्याकडे ‘व्हॅन’. इंग्रजीतल्या दोन ‘व’कारांतला फरक दाखवायला आपण त्याला ‘ह’ जोडला आणि मग तसेच बोलूही लागलो. त्या ‘व्ह’वरून मराठी माणूस दिल्लीतही ओळखू येतो आणि डॅलसमध्येही.

तेव्हा सर, नातवाला सुधारायला जाऊ नका. शाळेत तो ‘बाथ’ म्हणाला, तर पोरं त्याला लंडनचा शिष्ट म्हणून चिडवतील. घरी तुमच्याशी ‘बस’ आणि मित्रांशी ‘बुस’ असं तो कदाचित आत्ताच करत असेल, मुलांना ते सहज जमतं. पुढच्या कॉलला एक प्रयोग करून पाहा. पी-यू-टी ‘पुट’, तर बी-यू-टी ‘बट’ का, असं त्याला विचारा. बहुधा तो तुमच्याकडे बघत राहील, कारण त्याच्या कानाला दोन्हींचं यमक जुळतं, ‘पुट’ आणि ‘बुट’, आणि यात विचारण्यासारखं काय आहे हेच त्याला कळणार नाही.