आधी लाव, मग काढ

परवा तू आलीस, अर्धा तास बसलीस आणि चहा तसाच ठेवून गेलीस, तेव्हापासून डोक्यात तेच चालूय. समोर मला नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय.

मेघालयातल्या त्या गुहेत वरच्या ट्रॅव्हर्सवर, म्हणजे कड्यावरून रोपला अडकून आडवं जायच्या वाटेवर, तुझ्यामुळे सगळे खोळंबले, लीडर ओरडला, आणि आता पुढच्या हिवाळ्यात परत जायचं का हे सगळं सोडून द्यायचं, असं विचारत होतीस. तू घाबरलीस का नाही ह्यात मला इंटरेस्ट नाहीये. तू केलंस काय ते बघ ना. खडकात ठोकलेल्या प्रत्येक बोल्टपाशी एक काउजटेल, हार्नेसला बांधलेली ती हुकवाली आखूड दोरी, पलीकडच्या रोपला लावलीस, हुकचं गेट बंद झालं का बघितलंस, आणि मग अलीकडची काढलीस. लीडर म्हणाला एकच वापर, पटकन ये. तू ऐकलं नाहीस. आधी लाव, मग काढ. ह्याच्यापलीकडे ट्रॅव्हर्सवर मला कोणाकडून काही नको असतं.

एकच काउजटेल वापरली की दर बोल्टला एक क्षण असा येतो की तू कशालाच लावलेली नसतेस. बूट चिखलाने माखलेले, बोटं गार पडलेली, उजेड फक्त डोक्यावरच्या टॉर्चचा आणि खाली पाण्याची घळ. चौदा बोल्ट होते म्हणालीस ना, म्हणजे असे चौदा क्षण, आणि परत येताना अजून चौदा.

एका बाबतीत मात्र तू चुकलीस. रोप सैल होता म्हणजे रिगिंग, रोपची बांधणी, वाईट होतं, असं तू दोनदा म्हणालीस. असं नसतं गं. दोन बोल्टमधला रोप तारेसारखा ताणला आणि त्यावर माणूस लटकला, तर रोपच्या दोन बाजूंमधला कोन जितका मोठा तितका बोल्टवर लोड वाढतो, 120 अंशाला प्रत्येक बोल्टवर तुझं पूर्ण वजन येतं आणि 150 ला जवळपास दुप्पट. थोडा झोळ हवाच. बघायचं ते हे, की रोप छातीच्या उंचीला आहे का. पायाशी असेल तर घसरल्यावर काउजटेलच्या दुप्पट लांबीएवढी पडशील, आणि म्हणूनच काउजटेल डायनॅमिक, म्हणजे झटक्याला ताणणाऱ्या, रोपची करतात, स्टॅटिक फारसा ताणला जात नाही, सगळा झटका कमरेला बसतो.

आपल्याकडे बेसॉल्ट, तो चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पुण्याच्या पोरांना भाजे-कार्ल्याची लेणी माहीत असतात पण अशा मैलोन्‌मैल गुहा नाही. ट्रॅव्हर्स मात्र आपल्याकडे आहे. ढाक बहिरी, कड्याच्या पोटातलं ते देवस्थान. जांभिवलीवरून, कोंडेश्वराच्या बाजूने.

तिथेच 1998 च्या डिसेंबरात आमच्या ग्रुपबरोबर एक पहिल्या वर्षाचा मुलगा होता. तुझ्यासारखाच, सावकाश. माझ्या मागे आठ जण उभे होते आणि ऊन चढत होतं. तो स्लिंग, स्वतःला अडकवायचा पट्टा, बदलताना थांबला तर मीच ओरडलो, अरे सोड ना ती, हाताने धर आणि ये. त्याने सोडली. दहा-बारा फुटांवर एका टप्प्यावर अडकला म्हणून वाचला, घोटा मोडला, गावातल्या लोकांनी रात्री झोळी करून खाली आणला. नंतर तो कधीच डोंगरात आला नाही. मला एका शब्दाने बोलला नाही, आणि ते मला अजून सहन होत नाही.

त्यानंतर मी जो हट्ट धरला तो धरलाच. आधी लाव, मग काढ, नाहीतर माझ्या रोपवर यायचं नाही. लोक वैतागले, दोन मोठ्या मोहिमांमधून मला वगळलं, शेवटी मी तो ग्रुप सोडला. जड गेलं, वीस वर्षांची माणसं होती ती. पण मी चुकलो नव्हतो. वेळ वाया जातो म्हणणाऱ्याने एकदा ती झोळी खांद्यावर घेऊन अंधारात उतरून बघावं, मग माझ्याशी वाद घालावा. तुझ्या लीडरबद्दलही मला तेच सांगायचंय, तो वाईट नसेल, त्याच्या मागेही गारठलेली माणसं होती, पण चूक त्याचीच होती.

आणि तू, कृपा करून, 'मी स्लो आहे' हे रडणं बंद कर. स्लो आहेस तर प्रॅक्टिस कर! खिडकीच्या ग्रिलला रोप बांध, हातमोजे घाल, लाइट बंद कर आणि रोज शंभर वेळा लाव-काढ कर, गेटचा आवाज कानाने ओळखता आला पाहिजे. हात वेगवान कर, क्रम मोडू नकोस. हिंजवडीहून थकून येतेस हे मला माहितीये, तरी कर.

रविवारी सहाला सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीत ये. हार्नेस आण, फूट लूप, पाय ठेवायचा तो दोरीचा फास, आण, आणि दोन्ही काउजटेल आण, त्यांच्या गाठी मला बघायच्यात. आणि ह्या वेळी चहा पिऊन जा.