जुन्या गाडीच्या बॉनेटखालची आग: वाचकांचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की गाडी गरम होत असल्याच्या तक्रारींची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या वेळी मात्र सातारा जिल्ह्यातील बऱ्याच वाचकांनी, रस्त्यात पेटलेल्या गाड्यांच्या बातम्या वाचून, आपल्या पंधरा वर्षांहून जुन्या गाडीविषयी काळजीने लिहिले आहे. त्यांपैकी ज्या प्रश्नांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील, ते येथे घेतले आहेत.

प्रश्न (वाई): आमच्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. पसरणीचा घाट चढून पाचगणीला गाडी थांबवली की पेट्रोलचा वास येतो. मिस्त्री म्हणतात, कार्बोरेटरची गाडी म्हटल्यावर थोडा वास यायचाच. हे खरे मानावे का?

उत्तर: मिस्त्रींचे म्हणणे अर्धे खरे आहे. घाट चढून तापलेले इंजिन बंद केले की रेडिएटरच्या पाण्याचे फिरणे थांबते, समोरून येणारा वाराही थांबतो, आणि बॉनेटखालचे तापमान उतरण्याऐवजी काही मिनिटे वाढतच जाते. त्या धगीने कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या, वाटीतले पेट्रोल उकळते व त्याची वाफ बाहेर पडते. हा वास थोड्या वेळात विरला आणि कुठेही ओल दिसली नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट सकाळी उघडताच वास आला, किंवा चालत्या गाडीत आत बसलेल्यांना तो जाणवला, तर ती गळतीच समजावी आणि गळती सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नये. उणे चाळीस अंश सेल्सिअसलाही पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ सोडते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता इंजिनच्या खालच्या कोनाकोपऱ्यांत साचून राहते. तिला पेटवायला, प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधली किंवा सैल प्लगवायरीची एक ठिणगी पुरते.

गळती शोधण्याचे काम घरीही करता येते. इंजिन पूर्ण थंड असताना, विजेरीच्या उजेडात, टाकीकडून पंपाकडे येणारी, पंपातून कार्बोरेटरकडे जाणारी आणि टाकीकडे परत जाणारी अशा प्रत्येक रबरी नळीवरून पांढरे सुती फडके फिरवावे. मग क्लिपेच्या अलीकडे नळी दोन बोटांत धरून किंचित वाकवावी. निरोगी रबर लवचीक असते आणि सोडताच पूर्ववत होते. म्हातारे झालेले रबर कडक लागते, आणि वाकवल्यावर त्याच्या पाठीवर टाचणीने ओरखडल्यासारख्या बारीक भेगा उघडतात. नळीचे टोक क्लिपेखाली फुगलेले, चिकट किंवा तपकिरी डागाचे असेल, तर तेथून पेट्रोल पाझरते आहे असे धरून चालावे. अशी एक नळी सापडली की सगळ्या नळ्या आणि क्लिपा एकदमच बदलाव्यात, कारण त्या एकाच वयाच्या असतात. गॅरेजमध्ये फुटलेला तुकडा कापून उरलेली नळी ओढून बसवण्याची पद्धत आहे. ती मला बिलकूल पसंत नाही, कारण ताणून बसवलेली नळी इंजिनच्या थरथरीने पहिल्या संधीला निसटते.

आणखी दोन जागा पाहाव्यात. वाटेत बसवलेला प्लास्टिकचा पेट्रोल फिल्टर नळीवर नुसता लोंबकळत ठेवलेला असतो आणि तापलेल्या भागाला टेकून हळूहळू मऊ पडतो. तो बांधून, उष्णतेपासून दूर बसवावा. दुसरी जागा कार्बोरेटरमधील फ्लोटची, म्हणजे वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, सुई. कचरा अडकून किंवा झिजून ती नीट बसली नाही, की वाटी भरून पेट्रोल वरून वाहू लागते. अशा 'ओव्हरफ्लो' होणाऱ्या गाडीला वारंवार सेल्फ मारत राहणे धोक्याचे आहे, कारण कार्बोरेटरमधून एक उलटा बार झाला की वाहिलेले पेट्रोल पेटते.

प्रश्न (कराड): माझी गाडी २००६ सालची, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारी) आहे. कार्बोरेटरच नसल्याने मला ही भीती नाही, असे समजू का? शिवाय इथेनॉलच्या पेट्रोलमुळे नळ्या खराब होतात, हे कितपत खरे?

उत्तर: गळतीचे प्रमाण अशा गाड्यांत कमी असते, पण गळती झालीच तर ती अधिक घातक ठरते. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब जेमतेम तीन-चार पीएसआय असतो. इंजेक्शनच्या गाडीत तो चाळीस पीएसआयच्या घरात, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असतो. त्यामुळे सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून थेंब गळत नाही, तुषार उडतो. म्हणूनच इंजेक्शनच्या गाडीला साधी पेट्रोलची नळी आणि साधी क्लिप कधीही चालत नाही. दुकानात मागताना 'इंजेक्शनची, जास्त दाबाची' असे स्पष्ट सांगावे व नळीवरचे छापील अक्षर स्वतः वाचून घ्यावे. नळी सोडवण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे आतला दाब उतरतो.

इथेनॉलबद्दलची शंका रास्त आहे. आता पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्याला टिकणारी रबरे व सील वापरलेल्या गाड्या साधारण २०२३ च्या एप्रिलपासून बाजारात आल्या. त्याआधीच्या, विशेषतः नव्वदच्या दशकातल्या गाड्यांतील काही रबरे इथेनॉलमुळे फुगतात, मऊ पडतात किंवा नंतर वाळून तडकतात. आपल्या भागातील साखर कारखान्यांना इथेनॉलने हात दिला आहे, तेव्हा त्याच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही. मात्र जुन्या गाडीच्या मालकाने नळ्या, पंपाचा पडदा आणि सील इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीचे घालून घ्यावेत आणि त्यांची पाहणी वर्षाऐवजी सहा महिन्यांनी करावी. एक टाकी पेट्रोल भरायला जेवढे पैसे लागतात, त्याहून कमी पैशांत बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखालच्या नळ्या बदलून होतात.

प्रश्न (सातारा शहर): रात्री पुण्याहून येताना दिसावे म्हणून मी हेडलाइटला १००/९० वॉटचे बल्ब आणि मोठा हॉर्न बसवला. फ्यूज सारखा उडत असल्याने वायरमनने जास्त अँपियरचा घातला. आता उडत नाही, पण स्विचपाशी जळका वास येतो.

उत्तर: आज घरी पोहोचल्यावर मूळ बल्ब आणि मूळ अँपियरचा फ्यूज परत घाला, आणि तोवर ते दिवे लावू नका. फ्यूज उडत होता तो वायरीला वाचवण्यासाठी. मोठा फ्यूज घातल्याने आता त्याची जागा वायरीने घेतली आहे, म्हणजे उद्या फ्यूजऐवजी वायर जळेल.

हिशेब साधा आहे. ६०/५५ वॉटचे दोन बल्ब हाय बीमवर १२० वॉट, म्हणजे बारा व्होल्टला १० अँपियर घेतात. १०० वॉटचे दोन बल्ब घेतात जवळजवळ १७ अँपियर. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे प्रवाह पावणेदोनपटीच्या आत वाढला तरी तीच वायर पावणेतीन पटींहून अधिक तापते. पंचवीस वर्षांत तिचे प्लास्टिक आधीच कडक झालेले असते. ते तडकते, तांबे उघडे पडून पत्र्याला टेकते, आणि शेजारी तेलकट घाण असेल तर पुढचे सांगायला नको. जादा उजेड हवाच असेल तर रिले (दिव्यांचा मोठा प्रवाह मूळ स्विचऐवजी स्वतःमधून नेणारा वेगळा स्विच), जाड वायर आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत स्वतंत्र फ्यूज एवढे घालूनच तो घ्यावा. हॉर्नलाही हाच नियम लागू आहे. मुळात दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर त्या घासून साफ करून घेतल्या तरी पुष्कळ फरक पडतो. निम्म्या लोकांचे काम तेवढ्यावर भागते, असे माझे मत आहे.

वायरमनकडे गाडी जातेच आहे, तर चार गोष्टी करून घ्या. पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड काढून टाकावेत, कारण उष्णतेने ती पट्टी चिकचिकीत होऊन उलगडते. जोड झाळून किंवा दाबून त्यावर गरम करून आकसणारी नळी चढवावी. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी बूश शाबूत आहे का ते पाहावे. बॅटरीची पट्टी घट्ट असावी आणि अधिक (+) टोकावर टोपी असावी, नाहीतर खड्ड्यात बॅटरी सरकून टोक बॉनेटला लागते. शेवटी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची केबल. ती गंजून तुटली तर सेल्फचा शंभराहून अधिक अँपियरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार लालबुंद होते. सेल्फ मंद फिरतो म्हणून बॅटरी बदलली आणि दोष तसाच राहिला, असे झाले असेल तर ही केबल आधी बघा.

प्रश्न (कोरेगाव): इंजिनवर सतत ऑइल असते. वॉशिंगवाला डिझेल मारून इंजिन चकाचक करून देतो. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर: नाही. धुतल्याने गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. वर डिझेलचा पातळ थर मागे राहतो. इंजिन ऑइल माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपून सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर (इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडत असेल, तर तो भाग चढावर सहज चारशे अंशांच्या वर तापतो आणि ऑइल प्रथम धुरते, मग पेटते. पॅकिंग बदलणे हा स्वस्त उपाय आहे. कव्हरचे बोल्ट अधिक आवळून काम भागत नाही, उलट कव्हर वाकते. धुवायचेच असेल तर थंड इंजिनवर साबणाचे द्रावण वापरावे आणि डिस्ट्रिब्युटर व अल्टरनेटर झाकावेत. पेट्रोलने इंजिन पुसण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये. काम संपल्यावर मिस्त्रीचे फडके इंजिनवरच राहिले नाही ना, एवढे स्वतः पाहून बॉनेट लावावे.

प्रश्न (माण तालुका): गाडी गावी महिनोन्महिने उभी असते. बॉनेटखाली उंदरांनी पाचट आणि चिंध्यांचे घरटे केले होते. काय खबरदारी घ्यावी?

उत्तर: घरटे काढल्यावर लगेच गाडी सुरू करू नका. पाचटाची एखादी काडी मॅनिफोल्डला चिकटून राहते, आणि कुरतडलेली वायर वरून साबूत दिसते. बॅटरीचे वजा टोक सोडून सगळा वायरिंगचा जुडगा हाताने चाचपून पाहावा, पेट्रोलच्या नळ्यांवर दातांचे वळ आहेत का हेही पाहावे. एरवी गाडी उभी ठेवताना बॅटरीला तोडस्विच (वीज पूर्ण तोडणारा कट-ऑफ स्विच) लावून घेतला, तर शॉर्ट होण्याची धास्ती बहुतांशी मिटते. धान्याची पोती किंवा पेंड गाडीजवळ ठेवू नये.

याच्याच जोडीने एक गोष्ट सुचवतो. चैत्रातल्या यात्रांना गाड्या काढणी झालेल्या रानात लावतात. एमपीएफआय गाडीखालचा, धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या वेळी वाळल्या गवताला पेटवण्याइतका तापलेला असतो. इंजिन एखाद्या सिलिंडरवर चुकत असेल तर न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो आणखीच तापतो. गाडी मोकळ्या मातीवर लावावी.

प्रश्न (शिरवळ): खंबाटकी चढताना बॉनेटमधून धूर आला तर नेमके काय करावे? अग्निशामक कोणता घ्यावा?

उत्तर: गाडी डावीकडे घेऊन इंजिन बंद करावे, म्हणजे पेट्रोलचा पंपही थांबतो. सर्वांनी सामान न घेता उतरून, रस्त्याच्या कडेने, वारा जिकडून येतो त्या अंगाला लांब जावे आणि ११२ किंवा १०१ ला फोन करावा. पांढरी, गोडसर वासाची वाफ बहुधा रेडिएटरची असते. काळा किंवा रबर जळल्यासारखा धूर असेल तर आग धरून चालावे. बॉनेट पूर्ण उघडले की हवा मिळून ज्वाला अंगावर येते. त्यामुळे फक्त आतून खटका ओढावा आणि पडलेल्या फटीतून अग्निशामकाचा मारा करावा. पाणी ओतू नये. पेट्रोल त्यावर तरंगत पसरते. ज्वाला फटीतून बाहेर येऊ लागल्या असतील तर गाडीचा नाद सोडावा.

अग्निशामक एबीसी पावडरचा, आयएसआय चिन्हाचा, शक्य तर दोन किलोचा घ्यावा. एक किलोचा आठ-दहा सेकंदांत संपतो. तो डिकीत ठेवू नये, पुढच्या आसनाखाली पट्टीने बसवावा. काटा हिरव्या भागात आहे ना ते पाहावे आणि अधूनमधून उलटा करून हलवावा, कारण गाडीच्या थरथरीने पावडर तळाशी दबून बसते.

प्रश्न (फलटण): आरटीओकडून पुनर्नोंदणी झाली आहे आणि विमाही चालू आहे. गॅस किटचीही गाडी आहे. आणखी काही पाहायचे राहिले का?

उत्तर: पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी पाच वर्षांसाठी असते, आणि त्या पाच वर्षांत रबर वाळायचे थांबत नाही, तेव्हा वर सांगितलेली पाहणी करावीच. विमा केवळ थर्ड पार्टीचा असेल तर स्वतःची गाडी जळाल्याची भरपाई मिळत नाही. पॉलिसी काढून वाचा. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते, तिची तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते. किटची नोंद आरसी बुकात आणि पॉलिसीत, दोन्हीकडे हवी. किट एलपीजीचे असून घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून घेत असाल तर ते आजच बंद करा. ते बेकायदा आहे, आणि आगीनंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारील.